शंकापत्रक क्रमांक ३१२७

१

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी चार नंबरच्या खिडकीच्या जाळीतून एक चुरगळलेला अर्धा कागद आत आला आणि पाठोपाठ आवाज आला. आवाज असा खणखणीत, की रांगेतली पोरं दोन पावलं मागे सरकली.

"ही सही तुमचीच ना, बाई? नीट डोळे उघडून बघा. तुमच्या या एका ओळीनं माझ्या भाचीच्या आयुष्याचं वाटोळं केलंय!"

खिडकीबाईंनी चष्मा वर सारला. बावीस वर्षं त्या प्रवेश मार्गदर्शन केंद्राच्या या खिडकीत बसत होत्या. कुठल्या परीक्षेला कुठले विषय लागतात, टक्के किती, वय किती, एक विषय सोडला तर कुठलं दार बंद होतं आणि कुठलं उघडतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्यांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. पोरं त्यांना खिडकीबाई म्हणत आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे.

कागद त्यांच्याच केंद्राचा होता. शंकापत्रकाचा खालचा, उत्तराचा अर्धा भाग. क्रमांक ३१२७. मजकूर एवढाच: 'आपण दिलेल्या माहितीनुसार उमेदवार वैद्यकीय प्रवेश परीक्षेस अपात्र. नियम सात पाहावा.' खाली सही. आता आपली सही आपणच कशी नाकारणार?

"माझीच आहे," त्या म्हणाल्या. "पण आधी आवाज खाली घ्या. बहिरी मी नाही आणि तुम्हीही दिसत नाही."

आवाजाच्या मागे एक मुलगी उभी होती. अठरा-एकोणीस वर्षांची, छातीशी निळी फाईल धरलेली. रडून रडून डोळे सुजलेले. खिडकीबाईंनी मामाला हातानंच बाजूला केलं.

"तू बोल गं. बारावीला काय घेतलं होतंस?"

"भौतिक, रसायन आणि गणित."

"आणि जीवशास्त्र?"

"तेव्हा नव्हतं घेतलं. नंतर वाटलं की डॉक्टरच व्हायचंय. मग पुढच्या वर्षी जीवशास्त्र वेगळं दिलं. अतिरिक्त विषय म्हणून. ब्याण्णव मिळाले."

खिडकीबाईंच्या हातातला पेन तसाच राहिला. नियम सात, दुसरं पोटकलम: बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळातून जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेला उमेदवार पात्र. ही मुलगी पात्र होती. शंभर टक्के पात्र होती. आणि अर्ज भरायचा शेवटचा दिवस आज होता, संध्याकाळी पाचपर्यंत.

"हे सगळं तू शंकापत्रकात लिहिलं होतंस?"

"हो. सगळं लिहिलं होतं."

"मग मी तुला अपात्र म्हणणं शक्यच नाही," खिडकीबाई म्हणाल्या.

"पण म्हणालात ना!" मामा गरजला.

२

खिडकीचा कारभार साधा होता. शंकापत्रकं शंभर-शंभरच्या गठ्ठ्यांत छापून येत. प्रत्येकावर क्रमांक. वरच्या भागात शंका, खालच्या भागात उत्तर आणि पत्ता. खालचा भाग फाडून टपालानं घरी जाई आणि वरचा भाग फाईलला लागे. त्यातल्या सर्वांच्या उपयोगाच्या शंका नाव मागे दुमडून बाहेरच्या फलकावर टाचल्या जात, म्हणजे तीच शंका पन्नास जणांनी पुन्हा विचारू नये. हंगामात दिवसाला तीनशे शंका येत. तीनशे उत्तरं लिहायची म्हटल्यावर माणूस थोडक्यात आवरतं घेतो. खिडकीबाईही आवरतंच घेत होत्या.

फाईलमधून ३१२७ चा वरचा भाग शोधायला शिक्काकाकांना पंचवीस मिनिटं लागली. शिक्काकाका आवक-जावक सांभाळत. ते दिसेल त्या कागदावर शिक्का मारत. चहाच्या पावतीवरही मारत. त्यांची नजर अलीकडे अधू झाली होती, पण चष्मा लावायला ते तयार नव्हते.

"बाई," कागद देताना ते हळूच म्हणाले, "माझ्याकडून अदलाबदल तर झाली नसेल ना? चार महिन्यांत निवृत्ती आहे हो माझी. जाता जाता हा ठपका नको."

"आधी वाचू तर द्या."

कागदावर गोल, ठसठशीत अक्षर होतं. शब्दाशब्दांत सारखं अंतर, एकही खाडाखोड नाही. खिडकीबाईंनी मोठ्यानं वाचलं:

"'उमेदवाराने बारावीला भौतिकशास्त्र घेतले, गुण अठ्ठ्याऐंशी. रसायनशास्त्र, गुण चौऱ्याऐंशी. गणित, गुण एकोणऐंशी. तरी वैद्यकीय प्रवेश परीक्षा देता येईल का, हे कळवावे. ताजा कलम: मुलगी शाळेत कायम पहिली. आठवीत विज्ञान प्रदर्शनात पारितोषिक. स्वभावाने अत्यंत शांत व कष्टाळू.'"

जीवशास्त्राचा उल्लेख औषधालाही नव्हता. या प्रश्नाला दिलेलं उत्तर अगदी बरोबर होतं. प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता.

"नाव माझंच आहे," मुलगी म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "पण अक्षर माझं नाही."

"मग कोणाचं?"

मुलीनं कागदाकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि नजर खाली घातली. "माहीत नाही."

बावीस वर्षं खिडकीत बसलेल्या बाईला एवढं कळतं. 'माझ्या मैत्रिणीची शंका आहे' म्हणणाऱ्या पोराची ती स्वतःचीच शंका असते, हे जसं त्यांना कळे, तसंच हेही कळलं. पोरगी खोटं बोलत होती.

३

"हे बघा," खिडकीबाई उठल्या, "कोणी काय केलं ते नंतर. आधी अर्ज. ये आत, माझ्या संगणकावर भर."

बाहेरच्या माणसाला आतल्या खुर्चीत बसवायचा नियम नव्हता. शिक्काकाकांनी छताकडे पाहिलं आणि आपल्याला काही दिसत नाही असं दाखवलं. नाहीतरी त्यांना कमीच दिसत होतं.

नाव, पत्ता, जन्मतारीख, बारावीचे गुण. पोरीची बोटं भराभर चालत होती. मग पुढचा रकाना आला: अतिरिक्त विषयाची गुणपत्रिका जोडा. तिनं निळी फाईल उघडली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग सगळे कागद टेबलावर काढले आणि एकेक पाहिला.

"नाहीये."

"काय नाहीये?"

"जीवशास्त्राची गुणपत्रिका. इथंच होती. बारावीच्या मागे, याच कप्प्यात."

दुसरी प्रत मंडळाकडून मिळायला तीन आठवडे लागत. आणि घड्याळात साडेअकरा झाले होते.

मामानं डोकं धरलं. "आगीतून निघालो नि फुफाट्यात पडलो! आधी प्रश्नातून विषय गायब, आता फाईलमधून गुणपत्रिका गायब. बाई, हा घातपात आहे. कोणीतरी पोरीला पाण्यात बघतंय."

पहिल्यांदाच खिडकीबाईंना मामाचं म्हणणं पटलं. ज्यानं प्रश्नातून जीवशास्त्र काढलं, त्यानंच गुणपत्रिका काढली असणार. तो माणूस सापडला की कागद सापडेल.

मुलीच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं.

"रडायला पाचनंतर वेळच वेळ आहे," खिडकीबाई म्हणाल्या. "आता फक्त उत्तरं दे. ही फाईल गेल्या पंधरा दिवसांत कोणाकोणाच्या हातात गेली?"

"क्लासच्या सरांकडे, झेरॉक्सला. मामाकडे एकदा, बघायला मागितली होती म्हणून. बाकी घरीच असते."

"घरी कोण?"

"मी आणि आत्या. आई मी दोन वर्षांची असताना गेली. बाबा जहाजावर असतात. आत्यानंच वाढवलंय मला. ती शिवणकाम करते."

"आज ती नाही आली?"

"आलीय. फाटकाशी उभी आहे. आत येत नाही म्हणाली."

मामा फिसकन हसला. "आत्याबाईंना असल्या ठिकाणी काय कळतंय! त्यांचं जग म्हणजे फीत आणि कात्री. मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, कातरणांत वाढलेली पोर डॉक्टर कशी होणार? पोरीनं अभ्यास केला तो स्वतःच्या जिवावर."

मुलीनं मामाकडे असं पाहिलं, की दुसरा एखादा असता तर गप्प बसला असता.

"आणि तुझं शंकापत्रक तू कोणाच्या हातात दिलंस?" खिडकीबाईंनी विचारलं.

"सरांच्या. सर सगळ्यांची गोळा करून एकदम पेटीत टाकतात."

"सर म्हणजे हमखास सर?" शिक्काकाका दचकून म्हणाले. "बाई, त्यांनी परवाच नवी पाटी लावलीय. 'पुन्हा एकदा' वर्ग. एक वर्ष वाया गेलेल्यांसाठी!"

४

हमखास सरांचा क्लास समोरच्याच इमारतीत होता. त्यांच्या प्रत्येक जाहिरातीत 'हमखास यश' असे, म्हणून हे नाव. पण सर वर्ग सुटल्याशिवाय खाली उतरत नसत. ते आले तेव्हा एक वाजून गेला होता आणि त्यांच्या बाहीला खडूची पूड होती.

मामा त्यांच्यावर धावूनच गेला. "पोरीचं वर्ष बुडालं की तुमची बाकं भरतात! कबूल करा!"

"अहो, माझी बाकं भरलेलीच आहेत," सर म्हणाले. "आणि ही मुलगी परीक्षेला बसून पहिल्या हजारात आली तर माझ्या पाटीवर तिचा फोटो लागेल. घरी बसली तर काय लागेल? माझं डोकं ठिकाणावर आहे अजून."

"गुणपत्रिका?" खिडकीबाईंनी विचारलं.

"झेरॉक्स करून त्याच दिवशी सगळे कागद परत दिले. तिनं माझ्यासमोर मोजून घेतले."

मुलीनं मान हलवली. ते खरं होतं.

"मग हिच्या झेरॉक्स तुमच्याकडे असतील की!" मामा ओरडला.

"आहेत. पण मूळ प्रत समोर धरून केंद्राचा शिक्का लागतो, त्याशिवाय अर्ज स्वीकारत नाहीत. विचारा बाईंना."

खिडकीबाईंनी होकार दिला. हा नियम त्यांनीच लोकांना हजार वेळा सांगितला होता.

"आता शंकापत्रकाचं सांगा. हिनं तुम्हाला दिलं, तुम्ही पेटीत टाकलंत?"

सर घुटमळले. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग बाईंकडे. "नाही, मॅडम. ते माझ्याकडून परत नेलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी. 'मी त्याच बाजूला चाललेय, मीच टाकते' म्हणाल्या."

"कोण म्हणाल्या?"

"हिच्या आत्या."

मग मुलगी ताडकन उठली. "सर खोटं बोलतायत! आत्यानं काही केलेलं नाही. मला नाही द्यायची परीक्षा. चल मामा, घरी जाऊ."

५

"बस खाली," खिडकीबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत, पण मुलगी बसली.

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची नव्हती. सर खोटं बोलत असतील तर? आत्यानं कागद नेला, पण मध्ये तिसऱ्याच कोणी बदलला असेल तर? खिडकीबाईंनी तो वरचा अर्धा भाग पुन्हा हातात घेतला, आणि या वेळी मजकूर सोडून क्रमांकाकडे पाहिलं.

"सर, तुम्ही पोरांना शंकापत्रकं कुठून देता?"

"हंगामाच्या सुरुवातीलाच पाच गठ्ठे नेतो. पहिले पाच. अजून दीड गठ्ठा शिल्लक आहे."

"म्हणजे एक ते पाचशे. हिनं भरलेलं पत्रक पाचशेच्या आतलं होतं. आणि हे आहे तीन हजार एकशे सत्तावीस. काका, एकतीसशेचा गठ्ठा कधी फोडला?"

शिक्काकाका उजळले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या शिक्क्यांना कोणी किंमत दिली होती. ते कोठीत गेले आणि रिकाम्या पुठ्ठ्यांच्या ढिगात शिरले. तीन वाजले, सव्वातीन झाले. मामा येरझाऱ्या घालत होता. मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली होती. साडेतीनला काका धुळीनं माखून बाहेर आले आणि त्यांच्या हातात एक पुठ्ठा होता. त्यावर तारखेचा शिक्का होता, वेळेसकट.

"मंगळवार, सकाळी अकरा! पहिलं पत्रक मीच फाडून दिलं होतं."

"छान," खिडकीबाई म्हणाल्या. "म्हणजे हे पत्रक मंगळवारी अकरानंतर, इथंच, या खिडकीवरून घेतलं गेलं. सरांना नवं पत्रक घ्यायची गरज नव्हती, त्यांच्या क्लासात ढीग पडलाय. तुम्ही, मामा, आज पहिल्यांदा इथे आलात. सकाळी चुकून दोन नंबरच्या, वसतिगृहाच्या खिडकीच्या रांगेत अर्धा तास उभे होतात, मी पाहिलंय. काकांना हिचे गुण माहीत असायचं कारण नाही. आणि आता हा ताजा कलम वाचा. ज्याला हिचं वाईट करायचंय, तो हिचे गुण कमी लिहील. जन्मतारीख चुकवेल. तो 'कायम पहिली' कशाला लिहील? आठवीतलं बक्षीस कशाला लिहील? अपात्रतेच्या कागदावर 'अत्यंत शांत व कष्टाळू' लिहिणारा शत्रू मी तरी पाहिलेला नाही."

मामा थांबला. "मग?"

"हे लिहिणाऱ्या माणसाचा हिच्यावर भारी जीव आहे. हिला पहिल्या नजरेत ते अक्षर ओळखू आलं. आणि ते माणूस तोंडघशी पडू नये म्हणून ही स्वतःचं वर्ष घालवायला निघाली आहे."

मुलगी भिंतीकडेच पाहत म्हणाली, "तिला मी जायला नकोय. कॉलेज लांब आहे, मी गेले तर ती एकटी पडेल. म्हणून केलं असेल. मग मी नाही जात."

"असं तुला वाटतं," खिडकीबाई म्हणाल्या. "पण मग तिनं तुझी एवढी तारीफ का लिहिली? अडवायचं असतं तर पत्रक पेटीत टाकलंच नसतं."

खरं उत्तर फाटकाशी उभं होतं. पावणेचार वाजता त्यांनी खिडकीवर 'थोड्या वेळात येते' ची पाटी लावली. बावीस वर्षांत ती पाटी तिसऱ्यांदा लागली होती.

६

फाटकाशी एक बारकीशी बाई उभी होती. खांद्यावर कापडी पिशवी, गळ्यात विसरून राहिलेली मोजायची फीत. तिनं खिडकीबाईंना येताना पाहिलं आणि पिशवी घट्ट धरली.

"आत्याबाई," खिडकीबाई म्हणाल्या, "मी भांडायला आले नाही. मला फक्त एक सांगा. मंगळवारी तुम्ही पोरीचं पत्रक टाकायला आलात, तर मग नवं का लिहिलंत?"

आत्या फलकाकडे बोट करून म्हणाली, "तो आहे ना, तो बोर्ड."

"त्याचं काय?"

"मी आले तेव्हा तिथं गर्दी होती. लोक एकेक कागद मोठ्यानं वाचत होते आणि हसत होते. 'हा बघा, विषय राहिलेला वीर! परत बसलाय!' असं. आणि त्या गर्दीत यांच्या शेजारची बाई होती. मामांच्या शेजारची. मी म्हटलं, उद्या आमचा कागद तिथं लागला तर? नाव दुमडलं तरी काय झालं, गुण लिहिलेत, विषय लिहिलाय. पोरीचा एक विषय मागाहून सुटला, हे सगळीकडे होईल."

खिडकीबाईंना सगळं लख्ख दिसलं. "म्हणजे तुम्हाला वाटलं, अतिरिक्त विषय म्हणजे..."

"म्हणजे राहिलेलाच ना? आमच्याकडे विषय मागाहून देतात ते नापास झालेलेच. पोरगी म्हणायची तसं नसतं, पण मला वाटलं माझं मन राखायला म्हणते. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. सतरा वर्षं मामा म्हणतायत, कातरणांत वाढलेली पोर. त्यांना आणखी एक काठी कशाला हातात द्यायची? म्हणून मी बाकावर बसले आणि नवं लिहिलं. चांगलं चांगलं सगळं लिहिलं. तेवढं एक सोडलं. आणि मामा फाईल बघायला मागणार म्हणाले, तेव्हा तो कागदही काढून ठेवला."

"आणि उत्तर आलं तेव्हा?"

आत्यानं फीत बोटाला गुंडाळली. "मला वाटलं, नियमच तसा असेल. पण पोरगी आठ दिवस जेवली नाही धड. 'जीवशास्त्राचे ब्याण्णव मिळवूनही अपात्र कशी' असं झोपेत बडबडायची. तेव्हा मला कळलं, मी काहीतरी भलतंच केलंय. सांगायला रोज निघते आणि रोज जीभ रेटत नाही. आज इथपर्यंत आले, तर पाय पुढे पडेनात."

"आत्याबाई, तुमच्या पोरीचा विषय राहिला नव्हता. तिनं तो जास्तीचा घेतला होता. लोक तीन विषयांनी दमतात, हिनं चौथा दिला. आणि तेवढ्या एका विषयावर ती पात्र आहे."

आत्यानं पिशवीत हात घातला आणि ग्राहकांची मापं लिहायची जाड वही काढली. वहीच्या पुठ्ठ्याच्या आत, वर्तमानपत्रात गुंडाळून, एकही घडी न पडू देता, जीवशास्त्राची गुणपत्रिका ठेवलेली होती.

"चूक एकट्या तुमची नाही," खिडकीबाई चालता चालता म्हणाल्या. "माझीही आहे. जीवशास्त्र नसलेली मुलगी डॉक्टर व्हायचं विचारतेय, म्हणजे काहीतरी सांगायचं राहिलंय, हे मला कळायला हवं होतं. मी उलट विचारायला हवं होतं. एका ओळीत मोकळी झाले मी. चला आता, पळा. सव्वाचार वाजलेत."

७

आत्या दारात आली आणि तिथंच थांबली. आत पोरगी होती आणि मामाही होता.

मामानं तिच्या हातातला कागद पाहिला. "म्हणजे आत्याबाई, तुम्हीच?"

"हो, मीच," आत्या म्हणाली. "तुमच्या तोंडाच्या भीतीनं केलं. आता जे बोलायचं ते बोला, पण पाचनंतर."

मामा शिक्काकाकांकडे बघायला लागला आणि शिक्काकाका आपल्या शिक्क्याकडे.

मुलगी उठली नाही. "आत्या, मला वाटलं तुला मी जायला नकोय."

"काय बोलतेस गं!" आत्याचा आवाज फाटला. "तू जावीस म्हणून तर मी हात झिजवले. तू डॉक्टर झालेली मला बघायचीय. मी वेडी गं, मीच तुझ्या वाटेत धोंडा टाकला."

"धोंडा आपण उचलू," मुलगी म्हणाली आणि तिचा हात धरून तिला खुर्चीशी ओढून नेलं. "पण पुढच्या वेळी मला विचार. मी तुझ्याशी खोटं बोलत नाही."

शिक्काकाकांनी मूळ प्रत पाहिली. मग खिशातून, कोणालाही कधी न दिसलेला, एक चष्मा काढून लावला, पुन्हा पाहिली आणि सरांनी आणून दिलेल्या झेरॉक्सवर असा शिक्का मारला की टेबल हललं. कागद यंत्रातून गेला. पडद्यावर हिरवी खूण आली.

आत्या पडद्याकडे वाकली होती. "हे काय लिहिलंय, बाई? 'अतिरिक्त विषय'. हा रकाना छापील आहे?"

"छापील आहे. सगळ्यांच्या अर्जात असतो."

"म्हणजे असं देणारी खूप असतात?"

"दरवर्षी शेकडो."

आत्यानं ते दोन शब्द पुन्हा वाचले, बोट लावून. मग मागे वळली. दार उघडंच होतं आणि बाहेर शेवटच्या दिवसाची रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. ती मामाकडे बघून, पण रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "आमच्या पोरीनं जीवशास्त्र वेगळं दिलं. त्या विषयाला क्लास नाही, शिक्षक नाही, घरी बसून दिलं. ब्याण्णव मिळाले."

रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली. लाल सदऱ्यातला एक मुलगा पुढे आला. "काकू, वेगळं देता येतं? मीपण गणितवालाच आहे. मला वाटलं माझं दार बंद झालं."

"बंद कशानं होतंय! यांना विचार," आत्या म्हणाली आणि खिडकीबाईंकडे बोट दाखवलं. "आणि विचारताना सगळं सांग. एकही गोष्ट लपवू नकोस."

चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी मुलीनं शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर अर्ज क्रमांक आला. तिनं तो वहीत लिहिला, आत्यानं तळहातावर लिहिला, आणि मामानं कोणी न सांगता मोबाईलमध्ये फोटो काढून घेतला.

"आत्याबाई," तो घसा साफ करत म्हणाला, "परीक्षेच्या दिवशी गाडी मी आणीन. तुम्ही दोघी मागे बसा."

आत्यानं नुसती मान हलवली. एवढ्या वर्षांच्या बोलण्याचा हिशेब एका गाडीनं फिटत नव्हता, पण सुरुवात म्हणून चालण्यासारखं होतं.

फाटकाबाहेर पडताना ती मुलीला म्हणाली, "परीक्षेला चाळीस दिवस आहेत. उद्यापासून मी मशीन बंद ठेवते. दिवसभर खडखड असते, तुला अभ्यास कसा सुचणार?"

मुलगी थांबली. "बंद केलंस तर बघ! पहिलीपासून त्या आवाजात पाठांतर केलंय मी. मशीन थांबलं की मला वाटतं तू उठून कुठं गेलीस, आणि मग माझं लक्षच लागत नाही."

"खरंच?"

"विचार कोणालाही."

आत्यानं पदर डोळ्यांना लावला, आणि दुसऱ्याच क्षणी घड्याळात पाहून चालायला लागली.

"मग चल लवकर. दोन ब्लाऊज द्यायचेत उद्या, आणि तुझं रसायनशास्त्र अर्धं राहिलंय."